वाइड लेन्स घेतलीस, आता जवळ जा

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

१०-१८ मिमीची वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेतलीस, अभिनंदन! पण ‘आता अख्खा सह्याद्री एका फ्रेममध्ये’ असं जे लिहिलंयस, तिथे माझं घोडं अडलं. अरे, सह्याद्री मावेल, पण नखाएवढा होऊन. तुझ्या कॅमेऱ्याच्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर १० मिमी म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरचे १५-१६ मिमी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शंभराहून जास्त अंश आत येतात. मग लांबच्या डोंगराच्या वाट्याला किती जागा उरणार? रायगडावरून लिंगाण्याचा सुळका टिपायचाय ना, तर सरळ लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची लेन्स काढ.

ही लेन्स पायाशी जे आहे त्यासाठी. सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर जाशील तेव्हा वाटेच्या कडेला खुशाल फतकल मारून बस. कॅमेरा तेरड्याच्या उंचीला आण, फुलापासून जेमतेम दीड वीत. ते एक फूल फ्रेममध्ये बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठं दिसतं, आणि मागे तोच तेरडा बारीक होत होत ढगाला टेकतो. उभ्याने काढलास तर खालच्या अर्ध्या फोटोत काहीच घडत नाही. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान ठेव, एफ/११; फोकस अर्ध्या मीटरवर. पाव मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प मिळतं. पठारावर वारा असतोच आणि फुलं हलतात, तेव्हा शटरचा वेग वाढवता यावा म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवायला कचरू नकोस. आणि जवळ जायचं म्हणून फुलांत पाय घालायचा नाही हं. कडेलाच हवी तेवढी असतात.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, ओल्या पानांवरची चमक काढायला लाव, पण निळं आकाश फ्रेममध्ये असेल तर उतरव. सूर्यापासून काटकोनातलं आकाश तेवढं गडद होतं आणि एवढ्या रुंद फोटोत मधोमध काळपट पट्टा दिसतो.

वेरूळचं कैलास मात्र या लेन्सचं हक्काचं ठिकाण. वरून खाली खोदत नेलेलं देऊळ, भोवती कातळाची भिंत. मागे सरकणार कुठे? फक्त कॅमेरा वर उचललास की दोन्ही ध्वजस्तंभ एकमेकांवर कलतात. कॅमेरा सपाट धर, खालचं जास्तीचं अंगण नंतर काप. कधी मुद्दाम कलू द्यावेत, मला आवडतात तसेही. वहिनींना तेवढं फ्रेमच्या कडेला उभं करू नकोस. चेहरा ताणला जातो, आणि त्यानंतर घरात जे ताणलं जाईल ते निस्तरायला मी येणार नाही.

कासला शनिवार-रविवार टाळ, ही लेन्स गर्दीतलं एकही डोकं सोडत नाही. स्वतःचे बूट आणि ट्रायपॉडचा पायही फ्रेममध्ये आले नाहीत ना, बघून घे. पुढच्या काचेवरचा पावसाचा थेंब एफ/११ ला चांगलाच उमटतो, तेव्हा कोरडी फडकी दोन-तीन ठेव. आल्यावर रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फायली पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

तुझा,
अभय