हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे कोणी ठरवलं?

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरच्या घरी रक्त वाढवायचे उपाय छापलेत, अर्धं पान, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई, आणि खाली एक ओळ की फरक पडला नाही तर आयर्नचं टॉनिक सुरू करा. सकाळी आठच्या आत त्या पानाचा फोटो मला तीन ग्रुपांवर आला आणि साडेआठला शेजारच्या काकू खजुराचं पाकीट घेऊन दारात हजर, "अण्णांना रोज सात द्यायचे हं, पेपरात आलंय." काकूंचा अण्णांवर जीव आहे, त्यांना काय बोलणार. पाकीट ठेवून घेतलं, चहा दिला, त्या गेल्यावर हे पत्र लिहायला बसले.

अण्णा म्हणजे माझे सासरे, वय 74, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. पाच वर्षांपूर्वी जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.8. तेव्हा ज्यांना दाखवलं त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, महिन्याभरानं 7.6 आलं तर डोस डबल, मग गोळी बदलली, मग सिरप, असे आठ महिने गेले. त्यात आमची भर वेगळी, पालक कढईत, भाजी कढईत, पोह्यांवर लिंबू जास्तीचं कारण लिंबानं लोह अंगी लागतं असं मीच कुठेतरी वाचलेलं (खरं आहे ते, तेच तर दुखणं). आठ महिन्यांत फेरिटिन (अंगात लोहाचा साठा किती ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघा असं कोणी म्हटलं नाही आणि आम्हाला तो शब्दच ठाऊक नव्हता तर विचारणार काय.

शेवटी बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेची, तपासणी झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी स्लाइडचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला, लाल पेशी होऊ घातलेल्या गोल गोल पेशी आणि त्यातल्या काहींच्या मधोमध जो गाभा असतो त्याच्याभोवती निळ्या ठिपक्यांची माळ, अगदी गजऱ्यासारखी. मला वाटलं काहीतरी जंतू असतील. ते म्हणाले, "हे लोह आहे ताई. माल गोडाऊनमध्ये भरपूर आलाय, वापरताच येत नाहीये." अशा पेशींना रिंग सिडेरोब्लास्ट म्हणतात आणि आजार होता मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे मज्जेत पेशी बनायला सुरुवात होते पण धड पुऱ्या होत नाहीत. एकही रक्ताची पिशवी चढायच्या आधी अण्णांचं फेरिटिन 940 होतं. पुरुषांचं साधारण तीनशे-चारशेच्या आत असतं. आणि आम्ही त्यांना रोज चमच्यानं लोह पाजत होतो!

मी गृहिणी आहे, हिशोब कळतो, म्हणून हे सगळं मला हिशोबानंच समजलं. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण लोह 3 ते 4 ग्रॅम, त्यातलं साधारण दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. नवीन लाल पेशी बनवायला रोज 20-25 मिलिग्रॅम लागतं, पण ते जेवणातून येत नाही, 120 दिवस जगून मेलेल्या जुन्या पेशींचंच लोह शरीर परत वापरतं, भंगारवाल्यासारखं. जेवणातून आत येतं ते फक्त 1-2 मिलिग्रॅम आणि तेवढंच रोज कातडी, आतडी वगैरेतून झडतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही, ना लघवीतून ना घामातून, फक्त आत घ्यायच्या दारावर पहारा आहे. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, साठा भरला की ते वाढतं आणि आतड्यातून लोह आत येणं कमी होतं. आता एका रक्ताच्या पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं आणि ते थेट शिरेतून जातं, पहारेकऱ्याला विचारतं कोण. अण्णांना महिन्याला दोन पिशव्या, म्हणजे वर्षाला पाच-सहा ग्रॅम, अख्ख्या शरीरात असायला हवं त्याहून जास्त एका वर्षात. वर्षभरात त्यांचं फेरिटिन 2,850 झालं, चेहरा राखाडी-काळपट दिसायला लागला आणि लोक विचारायचे अण्णा उन्हात फार हिंडता का.

लोह साठून हार्ट, लिव्हर आणि पॅन्क्रियाज खराब होतात, त्यातून शुगर लागू शकते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते हे की जास्तीचं लोह रक्त बनवणाऱ्या मज्जेलाच मारक ठरतं. रक्तात लोह नेणारं एक प्रोटीन असतं, ट्रान्सफेरिन, त्याला आपली सिटी बस समजा, एरवी तिच्या एक तृतीयांश सीटच भरलेल्या असतात. सगळ्या सीटा भरल्या की उरलेलं लोह मोकाट फिरतं, आणि मोकाट लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडलं की असे कण तयार होतात जे पेशीचं आवरण, डीएनए, समोर येईल ते जाळत सुटतात. ही रासायनिक क्रिया फेंटन नावाच्या इंग्रज केमिस्टनं 1894 मध्येच नोंदवून ठेवलीय. मज्जेतल्या मूळ पेशी, ज्यांच्यापासून लाल, पांढऱ्या, प्लेटलेट सगळ्याच बनतात, त्यांना आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशींनाही याचा फटका बसतो, उंदरांना जास्तीचं लोह देऊन केलेल्या प्रयोगांत हे दिसलंय. म्हणजे बघा, रक्त कमी म्हणून पिशवी, पिशवीतून लोह, आणि त्या लोहानं उरलीसुरली मज्जाही थकणार. लोह काढणारी औषधं घेतल्यावर अशा काही पेशंटांचं हिमोग्लोबिन आपोआप थोडं वाढल्याच्या, पिशव्या कमी लागल्याच्या नोंदी आहेत. सगळ्यांचं होत नाही, थोड्यांचं होतं.

आता अण्णा रोज सकाळी उपाशीपोटी डेफेरासिरॉक्स हे लोह काढणारं औषध घेतात. गोळी ग्लासभर पाण्यात विरघळवायची, प्लास्टिकच्या चमच्यानं ढवळायची, चुन्याच्या निवळीसारखं दिसतं, तळाशी राहिलेलं परत पाणी घालून प्यायचं, आणि मग अर्धा तास चहा नाही म्हणून अण्णा रोज तोंड करतात. दर महिन्याला किडनीसाठी क्रिएटिनिन बघायचं, आणि हार्टमध्ये लोह किती साठलंय ते एमआरआयनं कळतं. दोन वर्षांत फेरिटिन 1,300 वर आलंय. पिशवी पंधरा दिवसांनी लागायची ती हल्ली वीस-बावीस दिवसांनी लागते, औषधानं की कशानं ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, मी कशाला सांगू.

दुसरी गोष्ट थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन बनण्यातल्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराची. माझ्या भाचीला कॉलेजात असल्यापासून टॉनिक चालू, रंग फिका म्हणून. तिच्या जुन्या सीबीसीत (रक्तपेशींच्या साध्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 64 आणि आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या, 5.9 होता, म्हणजे पेशी छोट्या पण संख्येनं भरपूर, 64 ला 5.9 नं भागलं तर 11 च्या आत येतं, आणि 13 च्या खाली आलं की थॅलेसेमियाची शंका घ्यायची हा जुना साधा ठोकताळा आहे. एचबीएटू ही थॅलेसेमियासाठीची रक्ताची तपासणी केली, निघालाच मायनर. तिला त्रास काही नाही, लोह मात्र उगाच घेत होती. थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे गंभीर प्रकाराच्या, मुलांचं तर अजून अवघड, त्यांची मज्जा लाल पेशी बनवायच्या धडपडीत लिव्हरला निरोप पाठवते की लोह हवंय, हेप्सिडिन खाली जातं आणि अंगात ढीग असताना आतडं आणखी लोह ओढतं. आपल्या इंदुरात सिंधी-पंजाबी वस्ती मोठी आहे, त्यांच्यात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त, पण आपल्या मराठी घरांत होत नाही असं कोणी समजू नये, माझी भाची समोर आहे.

यावरून कोणी लगेच गोळ्या बंद करू नका हं. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांत 57 टक्के अॅनिमिक आहेत, 2019-21 च्या सरकारी सर्व्हेतला आकडा आहे, आणि त्यातल्या कित्येकींना खरंच लोहच कमी असतं. शाळेतली आठवड्याची निळी गोळी, गरोदरपणातली लाल गोळी, ज्यांना सांगितलीय त्यांनी घ्यावीच. माझं भांडण आहे ते महिनोन्महिने टॉनिक पिऊनही हिमोग्लोबिन हलत नाही तरी बाटली बदलत राहण्याशी. तिथे सीबीसी नीट वाचून घ्या, फेरिटिन करा (ताप, सूज असली तरी ते वाढतं, म्हणून एका आकड्यावर घाबरू नका), लागली तर एचबीएटू. आणि ज्यांना नेहमी रक्त चढतं त्यांच्या घरच्यांनी पिशव्या मोजून वहीत लिहाव्यात, दहा-वीस पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन हजाराच्या वर गेलं की लोह काढायच्या औषधाचं डॉक्टरांना आपणहून विचारावं, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्हाला एवढीच विनंती की पुढच्या वेळी असे उपाय छापाल तेव्हा त्याच पानावर, बारीक अक्षरात नको, फेरिटिनचं छापा.

आमच्याकडची कढई मी नणंदेला दिली, तिचं फेरिटिन 9 आहे. लिंबाचं डॉक्टरांना विचारलं तर हसले, पिशवीपुढे लिंबाचं काय घेऊन बसलात, पिळू द्या त्यांना. खजूर मात्र पोरांनी संपवले, काकूंना अजून सांगितलेलं नाही.

आपली,
रामबागेतली एक जुनी वाचक, इंदूर