पित्तच असेल

मिरज
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय विश्या,

दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही. दिवाळीला तू पाठवलेल्या पणतीच्या फोटोखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, तेवढाच काय तो आपला व्यवहार. शिव्या घालून घे आधी. मग पुढं वाच, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

गेल्या गुरुवारी नरसोबाच्या वाडीला गेलो होतो. दर्शन झालं, मग दोन वाट्या बासुंदी, येताना घाटावर भजी. रात्री दीडला बरगड्या जिथं जुळतात त्याच्या खाली असं धरलं की उठूनच बसलो. बसवेना, आडवंही होववेना. उजव्या खांद्याच्या फऱ्यात कळ, बनियन घामानं भिजलेलं, दोनदा उलटी. आणि लेका, माझ्या तोंडून काय निघालं असेल? "काही नाही रे, पित्त असेल. कोपऱ्यावरचं दुकान उठव आणि सोड्याची पुडी आण."

पोराला म्हणालो. तो जागचा हलला नाही. "बाबा, चप्पल घाला, गाडी काढतो." त्यानं आजोबांना, आपल्या अण्णांना, भिंतीवरच्या फोटोतच बघितलंय. तू बघितलंयस.

दवाखान्यात ईसीजी काढला, ठीक. हृदयाला इजा झालीय का ते बघायला ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं, तीन तासांनी परत घेतलं, तेही ठीक. सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी. पोटावर ती गार जेली, आणि पडद्यावर एक काळी पिशवी. तिच्या तळाला तीन पांढरे ठिपके, प्रत्येकाच्या मागं सावली. "डाव्या कुशीवर वळा," बाई म्हणाल्या. वळलो तर ठिपके गोट्यांसारखे घरंगळत दुसऱ्या टोकाला गेले! आपल्याच पोटातल्या गोट्या. सगळ्यात मोठी 14 मिलिमीटर.

पित्ताचे खडे. म्हणजे मी 'पित्त' म्हणालो ते चुकूनमाकून बरोबरच निघालं की. आपल्याकडं आंबट ढेकर पित्त, डोकं दुखलं तर पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्त, आणि हार्ट अटॅक आला तरी आधी पित्तच.

बातमी गल्लीभर झाल्यावर उपाय सुरू. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, आणि आपला बंड्या तर बिअर घेऊनच आला. त्याला सांगून दमलो की अरे तो मुतखडा, त्याची वाट वेगळी, हा यकृताखालच्या पिशवीत बसलाय. तर म्हणाला, खडा तो खडा. बिअर त्यानंच प्यायली.

आता तू हसणार ते सांगतो. गेल्या वर्षी मी तीन महिन्यांत 14 किलो उतरवले ना, तू ग्रुपवर म्हणालास "आता तू पतंगाच्या काडीसारखा दिसतोस", आणि मी चिडून ग्रुप सोडला. डॉक्टर म्हणाले, त्यातनंही खडे झाले असतील. इतक्या झपाट्यानं चरबी वितळली की यकृत तिच्यातलं कोलेस्टेरॉल पित्तात ओतत राहतं. वर मी दोनदाच जेवायचो, तेही तेलातुपाशिवाय. म्हणजे पिशवी पिळली जायचं कारणच नाही, पित्त आपलं साचून राहतं. पाक पुढं गेला की तळाला साखर बसते, तसं. आणि वजन उतरवलं कशासाठी? अण्णांसारखं हृदय जाऊ नये म्हणून! हस, मोकळेपणानं हस.

पण खरी काळजी पुढंच आहे. मी विचारलं, हृदय ठीक आहे ना मग? तर ते म्हणाले, आज ठीक आहे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 310, उपाशीपोटी साखर 118, यकृतावर थोडी चरबी. वजन उतरूनही हे! म्हणाले, खड्यानं हृदय बिघडतं असं समजू नका, पण दोघं बऱ्याचदा एकाच घरचे पाहुणे असतात. पोरानं घरी आल्यावर शोधून काढलं. 2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या नर्स आणि इतर आरोग्य व्यावसायिकांच्या जुन्या नोंदी बघितल्या, पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं. पित्तखडे झालेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण 17 टक्क्यांनी जास्त. असे सात अभ्यास एकत्र केले, साडेआठ लाखांच्या घरात माणसं, तर 23 टक्के. मी रात्रभर ते 23 घोकत होतो. मग पतसंस्थेतली बुद्धी जागी झाली: शंभरात दहा जणांना व्हायचं तिथं बारा जणांना होणार. बरं वाटलं. मग वाचलं की जे जाड नाहीत, ज्यांना साखर किंवा बीपी नाही, त्यांच्यात हा संबंध उलट जास्त ठळक दिसला. परत झोप गेली. पतंगाची काडी ना मी!

तरी हेही ठीक. शनिवारी मी आईची पत्र्याची ट्रंक काढली. सात-बाराच्या उताऱ्यांखाली अण्णांचा कागद सापडला, 1992 चा, सोनोग्राफीचा. पित्ताशयात खडे, अनेक. विश्या, मला माहीतच नव्हतं! तुला आठवतं, जेवण झालं की उजव्या बरगडीखाली मूठ दाबून ओट्यावर बसायचे? मुंबईत जे.जे.मध्ये डॉ. उदवाडियांनी 1990 लाच दुर्बिणीतून पिशवी काढली होती, पण ते आमच्या गल्लीपर्यंत कुठलं पोचायला. अण्णांना सांगितलं होतं ते पोट उघडायचं ऑपरेशन. आई म्हणाली, "ते म्हणाले, पित्तासाठी पोट फाडून घ्यायला मी काय कलिंगड आहे?"

म्हणजे दोन वर्षं जी कळ पित्ताची म्हणून ओळखीची झाली होती, तीच ते गेले त्या रात्री आली असं त्यांना वाटलं असणार. मी डॉक्टरांना विचारलं, माणसाला फरक कळत कसा नाही? ते म्हणाले, हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोटामधल्या पडद्यावर टेकलेला असतो आणि त्या पडद्याच्या खाली यकृत, जठर, पित्ताशय. इथली आणि तिथली कळ मज्जारज्जूत शेजारी-शेजारीच पोचते, मेंदूला पत्ता नीट लागत नाही. घाम दोन्हीत, उलटी दोन्हीत. घरी बसून ठरवायचंच नाही, आधी ईसीजी.

1994 च्या ऑगस्टात घरी बसूनच ठरवलं आपण. तू माझी लुना घेऊन पुडी आणायला गेलास. तेराव्याला मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो, पुडीऐवजी रिक्षा आणली असतीस तर. तू ताटावरून उठलास. नंतर आपण बोललो, सिनेमे बघितले, माझ्या लग्नात तू पंगतीत वाढलंस, पण ते वाक्य आपल्यात राहिलंच.

परवा आईला विचारलं. 84 ची आहे, पण ही गोष्ट तिला लख्ख आठवते. म्हणाली, "विश्या रिक्षाच आणायला निघाला होता. ह्यांनीच ओरडून परत बोलावलं, पैसे वर आलेत का, पित्त आहे, पुडी आण म्हणून. तू मोरीत पाणी तापवत होतास." मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? "विश्या म्हणाला होता, राहू दे काकू."

राहू दे म्हणालास. का रे?

मी माफी मागायचा सराव केलाय आरशासमोर, पण इथं लिहायला घेतलं की बँकेचा अर्ज वाटतो. तूच समजून घे.

तुझी मुलगी जर्मनीला पोचली का? गुडघ्याचं काय ठरलं? वहिनींना सांग, त्यांनी दिलेलं लोणचं मला सहा महिने बंद. आमची ही त्यावरच खूश आहे.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी, चार भोकं पाडून, दुसऱ्या दिवशी घरी. खडे छोट्या बाटलीत घालून देतात म्हणे. पोटाचं दुखणं जाईल, हृदयासाठी रोज चालायचं ते चालायचंच, असं बजावलंय. सोमवारी रात्रीपासून उपाशी राहायचंय. पोरगा आहे सोबतीला, तुझी तशी गरज नाही. पण आई म्हणते, विश्याला बोलाव. कोल्हापूरच्या गाडीनं आलास तर स्टेशनवर पोराला पाठवतो. तो रिक्षानं येईल.

तुझाच,
नंद्या