ताई, बाबांना आत नेलंत त्याबद्दल

ताई, त्या दिवशी मुंबई विमानतळावर आम्हाला तुमचं एटीसीचं, म्हणजे विमानांच्या ये-जा सांभाळण्याचं काम आतून दाखवलंत, पण निघताना गेटवर आभार मानायचे राहूनच गेले, बाबांचे डोळे भरून आलेले आणि मला पण काही बोलता येईना, म्हणून आता लिहितेय.

आम्ही घाटकोपरचे, २७ नंबरच्या रनवेवर उतरणारी विमानं रोज डोक्यावरून जातात, पण ती उतरवणारी माणसं कधी बघायला मिळतील असं वाटलंच नव्हतं. परवानगीच्या कागदांमागे तुम्ही स्वतः लागलात म्हणून झालं हे. मला वाटायचं तो ८४ मीटरचा उंच टॉवर म्हणजेच सगळं एटीसी, पण टॉवर बघतो रनवे आणि आसपासचं, आणि लांबची विमानं सांभाळणारी रडारची खोली वेगळीच, खिडकी नाही, उजेड मंद, स्क्रीनवर प्रत्येक विमानाला चिकटलेलं छोटंसं लेबल, त्यात नंबर, उंची, स्पीड.

बाबा ३४ वर्षं रेल्वेत केबिनमन होते, म्हणजे केबिनमधून लिव्हर ओढून सिग्नल आणि सांधे बदलायचे, हे कळल्यावर तुम्ही समजावण्याची पद्धतच बदललीत, ते मी विसरणार नाही. एका ब्लॉक सेक्शनमध्ये, म्हणजे रुळाच्या एका ठरलेल्या तुकड्यात, एकच गाडी, तसं इथे रडारवर लांबच्या प्रवासात दोन विमानांत ५ नॉटिकल मैल म्हणजे ९ किलोमीटरच्या वर अंतर, नाहीतर उंचीत १००० फुटांचा फरक. आपले दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणालात तसे बाबा पटकन म्हणाले, "म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात ते डायमंड क्रॉसिंग!" आणि तुम्ही म्हणालात, "अगदी तेच काका, म्हणून दोन रनवे असून एका वेळी एकच वापरतो." अरबी समुद्रावर दूर रडार पोचत नाही, तिथे विमान सॅटेलाइटवरून आपली जागा कळवतं, मेसेज टाइप करून बोलणं होतं आणि अंतर बरंच जास्त ठेवावं लागतं, हे ऐकून तर बाबा कितीतरी वेळ गप्पच होते.

ड्युटी बदलताना नवीन माणूस लगेच खुर्चीत बसला नाही, मागे उभा राहून आधी सगळं चित्र डोक्यात घेतलं, मग चार्ज घेतला. बाबांनी माझा हात दाबला, "आमच्यात पण अस्संच." रिटायर झाल्यापासून त्यांच्या कामाबद्दल त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं ताई, आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही. तुम्ही विचारलंत, केबिनमधल्या लिव्हरना रंग कुठले असायचे तेसुद्धा.

आता बाबा रोज संध्याकाळी गॅलरीत बसून दोन विमानांमधला वेळ घड्याळावर मोजतात आणि मला त्यांच्या केबिनमधल्या गोष्टी सांगतात. तुमची नाइट संपली की एकदा या ना घरी, थालीपीठ आणि लोणी करते, बाबांनी त्यांची जुनी हिरवी झेंडी काढून ठेवलीय तुम्हाला दाखवायला.