पणजोबांचा माग काढून देणाऱ्यांचे आभार

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकमधल्या) आघाडीवरून फरार झाले. घरात त्यांचं नावही कुणी काढत नसे. 'बसऱ्याच्या स्मारकावर शोधू नका, ते युद्धात मेलेल्यांचं आहे; पलटणीची युद्धदैनंदिनी बघा,' असं सांगणारे दादा, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून त्या पानांचे फोटो पाठवणाऱ्या ताई आणि पणजोबांचं मोडीतलं पत्र वाचून देणारे काका, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शाई पसरलेल्या ओळीतून काकांना 'पाणी नाही' एवढंच लागलं, पण तेवढ्यानं कितीतरी उलगडलं. तुमच्यापैकी एकानंही पणजोबांना नावं ठेवली नाहीत, हे तर मी कधीच विसरणार नाही. वंशावळीत त्यांचं नाव आता लिहिलंय. आत्यानंही तुम्हा सर्वांना नमस्कार सांगितलाय.