दोष कळवायचा तर नीट कळवावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरातील आमच्या वाचनालयातल्या लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र तुटून उमटत असे. वर्षभर सर्वांनी कुरकुर केली, दोष मात्र कोणी नोंदवला नाही. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात ‘रिपोर्टबग’ या दोष कळवण्याच्या प्रोग्रॅमला पॅकेजचे (दोष असलेल्या सॉफ्टवेअरच्या संचाचे) नाव सांगितले की त्याची आवृत्ती तो स्वतःच भरतो, अहवाल ई-मेलने जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि तो कोणालाही वाचता येतो. परंतु ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्यावर (आमचा पहिला मसुदा असाच होता) कोणीही काही करू शकत नाही. कोणता फॉन्ट, काय टंकले, काय उमटले, हे लिहावे. तोच दोष आधी नोंदलेला असल्यास त्यातच भर घालावी. वाचनालयांनी हे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर