पेटी येते, वर्ग येत नाही

महोदय,

मुंबईतल्या शाळेत मी बावीस वर्षं संगीत शिकवलं. पेटी येत होती. साठ पोरांना एका सुरात आणणं कुणी शिकवलंच नव्हतं. पेटीच्या काळी चार या उंच पट्टीला पाचवीतला एक मुलगा किंचाळायचा, तर मी पट्टी उतरवायची सोडून त्यालाच गप्प बसवायचे. ते अजून मनाला खातं.

अमेरिकेतल्या सेंट ओलाफ या लुथरन कॉलेजात संगीत-अध्यापनाची पदवी मिळते. आपल्याकडे विल्सन १८३२चं, झेवियर्स १८६९चं! ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं आमच्या चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर रंगतात. मग विल्सन-झेवियर्ससारख्या जुन्या ख्रिस्ती कॉलेजांनी संगीतशिक्षकांसाठी वर्षभराचा वर्ग काढायला काय हरकत आहे? जागेची सबब नको; आमच्या चर्चचा हॉल दुपारी रिकामाच असतो.

– एक निवृत्त संगीतशिक्षिका, भायखळा