लाईट गेल्यावरही आमचं नेट चालू ठेवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत फायबरची जोडणी घेतलेल्या कुणालाही हे पत्र कोणाला आहे ते लगेच कळेल.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. तारेवर फांदी पडली की संपलं. मी पुण्यातल्या एका ऑफिसचं हिशोबाचं काम घरून करते, म्हणून जोडणी घेतानाच विचारलं होतं की फायबरला लाईट लागते का. तुम्ही ‘नाही’ म्हणून मोकळे झाला असतात, तरी मी ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही हातातलं काम थांबवून सगळं नीट समजावलंत. आभार आहेत ते मुख्यतः त्यासाठी.

केबलला लाईट लागत नाही, दोन्ही टोकांना लागते, असं तुम्ही सांगितलंत. काचेच्या तंतूतून जातो तो नुसता प्रकाश. तो पाठवणारं ओएलटी नावाचं यंत्र बाजारपेठेत तुमच्या ऑफिसात, आणि त्या प्रकाशातून पुन्हा नेट काढणारा ओएनटी नावाचा डबा आमच्या भिंतीवर. मधल्या खांबावरच्या काळ्या डब्यात स्प्लिटर असतो. एका तंतूतला प्रकाश तो अनेक घरांना वाटतो आणि त्यासाठी त्याला वीज लागत नाही. त्यामुळे वाडी अंधारात गेली तरी खांबावरचं काहीच बंद पडत नाही. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन लाईट नसतानाही चालायचा, कारण त्याला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळायचे. काचेतून वीज येत नाही, तेव्हा घरच्या डब्याला वीज घरूनच द्यायला हवी.

मग तुम्ही अडॅप्टर उलटा करून त्यावरचे आकडे दाखवलेत: १२ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे जास्तीत जास्त १२ वॉट. एवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर कशाला, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरे, म्हणालात. आणि हेही लपवलं नाहीत की ऑफिसातली बॅटरी आणि जनरेटर काही तासांचा प्रश्न सोडवतात, लाईट दोन-दोन दिवस आली नाही तर तिथलंही यंत्र बसेल. गिऱ्हाईक हातचं जाईल अशी भीती न बाळगता असं खरं सांगणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत.

याचा उपयोग माझ्या बहिणीलाही झाला. ती डोंबिवलीला राहते. घरी यूपीएस असूनही लाईट गेली की तिचं नेट बंद. तुमचं बोलणं आठवून मी तिला फायबर नक्की कुठपर्यंत आलंय ते बघायला सांगितलं. फायबर जिन्याखालच्या पेटीपर्यंतच होतं. तिथल्या घराघरांत नेट वाटणाऱ्या नेटवर्क स्विचमधून पुढे साधी लॅन केबल वर गेली होती आणि त्या स्विचला बॅकअपच नव्हता. आता सोसायटीने त्याला बॅटरी लावली आहे.

जुलैतली ती संध्याकाळही मी विसरणार नाही. ओएनटीवर पॉवरचा दिवा हिरवा आणि एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल, म्हणजे लाईट आहे पण प्रकाश पोचत नाही. फणसाच्या फांदीने केबल तोडली होती. तुम्ही ओट्यावर बसून आधी तंतूवर स्लीव्ह, म्हणजे जोड झाकायची छोटी नळी, ओवलीत, मग वरचं आवरण सोलून तो स्पिरिटने पुसलात, कटरने टोक सरळ कापलंत आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवलीत. स्क्रीनवर ती हळूहळू समोरासमोर आली, बारीक ठिणगी पडली आणि काच काचेला जुळली. शेजारचा मुलगा कापलेल्या टोकात डोळा लावून बघायला गेला, तेव्हा तुम्ही त्याचा हात घट्ट धरलात. आतला प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो, हे त्याला शांतपणे सांगितलंत. त्या मुलाला आता स्प्लायसिंग, म्हणजे हे तंतू जोडणं, शिकायचंय. त्याच्या आईला तुमच्याशी बोलायचं आहे.

प्रकाश किती पोचतोय ते मोजणाऱ्या पॉवर मीटरवर उणे २१ डीबीएम दिसल्यावरच तुम्ही उठलात. उणे २७ च्या खाली गेलं तर नेट धड चालणार नाही, हेही जाता जाता सांगून गेलात. वाडीतली बरीच घरं आता तुम्हाला फोन करण्याआधी एलओएसचा दिवा बघतात, आणि फोनवर तेच आधी सांगतात.

तुमच्या मालकांनी हे पत्र वाचलं तर माझी त्यांना एक विनंती आहे. त्या दिवशी तुम्ही ओल्या खांबावर सेफ्टी बेल्टशिवाय चढलात. पुढचा पाऊस यायच्या आत तुम्हाला आणि तुमच्याबरोबरच्या पोरांना चांगले बेल्ट आणि इन्सुलेटेड शिडी द्यावी.

मनापासून आभार.

वाडीतली तुमची एक ग्राहक